'होऊन जाईल' म्हणजे हो की नाही?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो मला जसा समजला तसा मांडतो. समजण्यातच चूक असेल तर पुढचं वाचायचे तुमचे कष्ट वाचतील.

तुम्ही पुण्याहून जळगावच्या एमआयडीसीत, पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आलात. सात महिने झाले. प्रॉडक्शनचे सुपरवायझर, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते कामगारांसमोर मोठ्या आवाजात तुम्हाला 'तू' म्हणतात. स्टोअरचे भाऊ प्रत्येक गोष्टीला 'होऊन जाईल' म्हणतात आणि ती होत नाही. शेठ तुमच्या दहा ओळींच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवतात. रिजेक्शनबद्दल तुम्ही एक ईमेल केलात, तेव्हापासून आठवडाभर आप्पा तुमच्याशी बोलले नाहीत. मग तुम्ही ऑनलाइन स्वभावचाचणी दिलीत, तिच्यात तुम्ही 'विश्लेषक' निघालात. सगळ्यांकडून ती भरून घेतली तर एकमेकांच्या बोलण्याची पद्धत कळेल आणि रोजची कटकट थांबेल का, असं तुमचं विचारणं आहे.

चाचणीपुरतं उत्तर आधी देतो: नको. अशा बऱ्याच चाचण्यांचं मूळ मार्स्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९२८ मधल्या मांडणीत आहे. त्याने माणसाच्या वागण्याचे चार कल सांगितले. प्रश्नावल्या आणि रंग नंतरच्या लोकांनी चिकटवले. स्वतःकडे पाहायला एखाद्या दुपारी ठीक आहे. मी एका कारखान्यात पर्सनल खात्यात असताना मोठ्या हौसेने प्रशिक्षक बोलावला होता. त्याने सगळ्यांना लाल, निळे, हिरवे, पिवळे बिल्ले दिले. पुढची दोन वर्षं मी काय ऐकलं? 'तो लाल आहे, त्याच्या नादी लागू नका.' जो माणूस शॉपवर, म्हणजे मशीनं चालतात त्या शेडमध्ये, आग ओकत होता तोच शेठच्या केबिनमध्ये मान खाली घालून उभा राहायचा, आणि मुलीच्या लग्नात व्याह्यांपुढे त्याच्याइतका मऊ कुणी नव्हता. त्याला कोणता रंग द्यायचा? बिल्ल्यांमुळे आम्ही एकमेकांकडे पाहायचंच बंद केलं. तो खर्च मी मंजूर करून घेतला होता, म्हणून जरा जास्त बोचतं.

तुमची खरी अडचण स्वभावांची नाही, असं मला वाटतं. तुमच्या आजूबाजूची माणसं दिवसातून वीस वेळा तुम्हाला 'नाही' म्हणतायत आणि ते तुम्हाला ऐकू येत नाहीये. आणि तुम्ही जे साधं म्हणून बोलता-लिहिता, ते त्यांना वार वाटतंय. दोन्हीकडे कुणी खोटं बोलत नाही, कुणी वाईट नाही. माझ्या २६ वर्षांच्या नोकरीत, जळगाव, धुळे आणि थोडा काळ नवापूर, जी भांडणं माझ्या टेबलावर आली त्यातली निम्मी तरी याच जातीची होती.

इथून मला काय दिसत नाही, तेही सांगतो. आप्पांचा 'तू' बोलीचा आहे की हिणवण्याचा, हे आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही. तुम्ही बाई आहात म्हणून आवाज चढतो की सगळ्यांवरच चढतो, हेही तुम्हालाच पाहावं लागेल. माल नाकारायचा अधिकार तुम्हाला कागदावर आहे की नुसता बोलण्यात, यावरही बरंच अवलंबून आहे. अधिकार कागदावर नसेल तर माझं निम्मं उत्तर लंगडं पडतं. मग आधी शेठकडून तेवढं लिहून घ्या.

आता 'तू'.

खानदेशात एक बोली नाही. अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, धुळ्याकडे अहिराणी. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा बोली. शहरात शाळेतली मराठी. बाजारपेठेत मारवाडी आणि गुजराती वळण. तुमच्या शॉपवर हे सगळं एकाच शिफ्टमध्ये असणार. अहिराणी घरात वाढलेल्या माणसाच्या जिभेवर 'तू' बसलेला असतो, 'तुम्ही' तो शाळेत शिकतो. 'तू म्हनस लाइन बंद कर, मंग माल कोन काढी?' हे वाक्य पुण्याच्या कानाला भांडण वाटतं. आप्पांच्या लेखी तो प्रश्न आहे, आणि रास्त प्रश्न आहे: लाइन थांबली तर आजचा माल कुठून आणायचा? आवाजाचं म्हणाल तर एक्स्ट्रूडर (पाइप बनवणारं मशीन) आणि कटरच्या गोंगाटात पंचवीस वर्षं बोललेला माणूस घरीही ओरडूनच मीठ मागतो.

मी स्वतः भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. तिथे देशभरातली माणसं, त्यामुळे बोलणं जरा सांभाळून. धुळ्याला पहिल्या नोकरीत एका वयस्कर फिटरने पहिल्याच दिवशी 'ये भो, तू कोन शे?' विचारलं, तेव्हा मीही फणकारलो होतो. महिनाभराने तोच फिटर मला डब्यातली शेवभाजी वाढत होता, 'तू' म्हणतच. मग एकदा मी त्याचा ओव्हरटाइम चुकून कापला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, 'तुम्ही मोठे साहेब आहात, तुम्ही कराल ते बरोबर.' शुद्ध मराठीत. त्या दिवशी मला घाम फुटला. तेव्हापासून मी हे पक्कं केलं की इकडे 'तू'ला घाबरायचं नाही. एकाएकी 'तुम्ही' सुरू झालं की आपलं काहीतरी चुकलंय.

आप्पांचं पारखायचं तर ते आणखी कुणाकुणाला 'तू' म्हणतात ते पाहा. शेठच्या मुलालाही म्हणत असतील तर ती बोली. फक्त तुम्हाला आणि कंत्राटी पोरांना म्हणत असतील तर ती उतरंड, आणि तेव्हा बाजूला घेऊन सरळ सांगायचं: 'आप्पा, एकट्यात काहीही म्हणा, पोरांसमोर ताई म्हणा, नाहीतर उद्या माझा शेरा कोण ऐकेल?' कामाचं कारण दिलंत की जुना माणूस ऐकतो. 'मला अपमान वाटतो' एवढंच म्हटलंत तर 'पुण्याची आहे, नाजूक आहे' एवढंच ऐकेल. बरोबर आहे असं म्हणत नाही, पण होतं असं.

आणि बोलण्यात शरीर, बाईपण किंवा जात आली, तर माझं हे सगळं बोलीपुराण बाजूला ठेवा. ती बोलण्याची पद्धत नसते. लैंगिक छळाबाबतच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तुमच्याकडे ती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हे गरज नसतानाच विचारून ठेवा.

आता स्टोअरचे भाऊ, म्हणजे माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा.

तोंडावर 'नाही' म्हणणं इकडे फार जड जातं. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवल्यासारखं वाटतं. म्हणून नकार दुसऱ्या कपड्यांत येतो. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये मांडलं होतं की काही समाजांत अर्थ शब्दांत कमी आणि संदर्भात जास्त असतो. कोण, कुणाला, कुठे, कोणत्या सुरात म्हणालं त्यावर तो ठरतो. हॉलला स्टोअरवाले भाऊ भेटले नव्हते, पण बोलला त्यांच्याबद्दलच. मात्र 'खानदेशी लोक आडवळणाने बोलतात' असा शिक्का या आधारावर मारू नका. हेच भाऊ मालाच्या दरावरून व्यापाऱ्याशी बोलतात तेव्हा नकार विळ्यासारखा येतो. नात्याची भीड जिथे आहे तिथेच तो मऊ होतो.

मग काय ऐकायचं? माझ्या कानाला बसलेलं सांगतो. तुमच्या भाऊंचं थोडं वेगळं असेल. 'करून टाकतो' आणि सोबत एखादा तपशील, म्हणजे 'करून टाकतो, पोऱ्या दुपारी येतोय', हा खरा होकार. 'होऊन जाईल', अहिराणीत 'व्हई जाई', यात करणारा कुणीच नाही, काम आपोआप होणार आहे. हा साठ टक्के नकार समजा. 'पाहू', 'देखूत' हा ऐंशी टक्के. 'शेठला एकदा विचारून घ्या' हा पूर्ण नकार, फक्त बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर. आणि 'तुम्ही म्हणता तर करू' हे सगळ्यात वाईट, कारण काम होईल पण बिघडेल, आणि बिघडल्यावर तुमच्या नावावर जाईल. टक्के माझ्या अंदाजाचे, कुठल्या पाहणीतले नाहीत.

उपाय ऐकण्यापेक्षा विचारण्यात जास्त आहे. 'शनिवारपर्यंत नवे गेज (मोजमापाची साधनं) येतील का?' या प्रश्नाला भाऊंकडे एकच सभ्य उत्तर आहे, हो. प्रश्नच असा आहे की 'नाही' म्हटलं तर माणूस नालायक ठरतो. तो असा विचारून पाहा: 'भाऊ, गेज शनिवारी आणायचे तर कुठे अडेल?' मग तेच सांगतील की पार्टीचं मागचं बिल थकलंय, अकाउंटवाला चेक सोडत नाही, आणि पार्टी उधारीवर देत नाही. म्हणजे तुम्हाला भाऊंच्या मागे लागायचंच नव्हतं, अकाउंटकडे जायचं होतं. सात महिन्यांत भाऊंचे किती 'होऊन जाईल' असे दुसऱ्याच्या टेबलावर अडलेले निघतील, मोजा.

शिवाय नकाराला वाट करून द्या. 'शनिवारी नाही जमलं तर मंगळवार चालेल, पण मला आजच कळू द्या, म्हणजे तपासणीचं वेळापत्रक बदलता येईल.' भीड मोडायची नाही, भिडेला दार करायचं. आणि हे चारचौघांत विचारू नका. स्टोअरच्या काउंटरसमोर तीन माणसं उभी असताना कुणीही 'नाही' म्हणणार नाही.

इथे वडिलांची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. ते भुसावळ विभागात स्टेशन मास्तर होते. गाडी येण्याआधी फाटकवाल्याला फोन जायचा, आणि तो फाटक बंद केल्याची खात्री म्हणून एक प्रायव्हेट नंबर सांगायचा. दोन आकडी, त्याच्याजवळच्या तक्त्यातला. वापरला की खोडायचा. मास्तर तो नंबर वहीत लिहायचे. मी लहानपणी विचारलं होतं, फाटकवाला 'हो, बंद केलं' म्हणाला ते पुरत नाही का? वडील म्हणाले, 'हो तर तो झोपेतही म्हणेल.' फाटकवाला अप्रामाणिक आहे असं रेल्वे मानत नाही. दमलेला, घाईतला, साहेबाला खूश ठेवणारा कोणताही माणूस 'हो' म्हणतो, एवढंच ती मानते.

मी कारखान्यात हे शिफ्ट बदलताना वापरलं. जाणारा सांगायचा, आणि येणारा स्वतःच्या शब्दांत रजिस्टरला लिहायचा: कोणत्या लाइनला काय बिघाड, काय पाहायचं. सही चालायची नाही, वाक्यच हवं. पहिले पंधरा दिवस सगळे वैतागले. मग एका रात्री 'तीन नंबरचं तापमान कमी ठेव' हे समोरच्याने 'तीन नंबरला पाणी कमी ठेव' असं लिहिलेलं जाणाऱ्याने जागीच पकडलं. नाहीतर सकाळी सगळे पाइप वाकडे निघाले असते. त्यानंतर कुणी वैतागलं नाही. 'समजलं का?' हा प्रश्न तुम्ही आजपासून बंद करा. त्याला जगात एकच उत्तर आहे.

गप्प माणसांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या शॉपवर ती असतील. नवापूरला असताना माझ्याकडे एक आदिवासी मुलगा हेल्पर होता. बैठकीत चकार शब्द नाही. वार्षिक शेऱ्यात मी लिहिलं: 'पुढाकार नाही.' पुढे लक्षात आलं की तो घरी पावरी बोलतो, मराठी त्याची दुसरी भाषा, आणि आमचा सुपरवायझर सूचना द्यायचा भरधाव अहिराणीत. पोरगा शब्द जुळवत असायचा तोवर विषय पुढे गेलेला. पण बेअरिंग जाणार हे मशीनच्या आवाजावरून त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं, आणि तो बोट दाखवायचा. आम्ही बोटाकडे पाहत नव्हतो. तो शेरा मी बदलून घेतला, पण त्याची एक वेतनवाढ गेली ती गेलीच. अशा माणसाला सूचना हाताने करून दाखवायची आणि त्याच्याकडून एकदा करून घ्यायची. त्याच्या गप्प बसण्याला होकार समजू नका आणि स्वभावही समजू नका.

आतापर्यंतचं थोडक्यात: 'तू'ने बिचकू नका, करणारा नसलेल्या 'हो'वर भरवसा ठेवू नका, अडणार कुठे ते विचारा, आणि समजलेलं समोरच्याच्या तोंडून किंवा हातून वदवून घ्या. आता तुमची बाजू, कारण बोलण्याची पद्धत तुम्हालाही आहे.

तुमचा ईमेल मी पाहिलेला नाही, पण अंदाज करतो. विषयात बॅच नंबर, खाली जाडी कुठे कमी आली त्याचं कोष्टक, 'कृपया सुधारात्मक कारवाई कळवावी', आणि प्रत शेठना. तुमच्या दृष्टीने ही साधी नोंद. आप्पांच्या दृष्टीने 'बाईने माझ्यावर लेटर काढलं.' त्यांच्या नोकरीत कागद फक्त तीन वेळा आला असेल: नेमणूक, मेमो आणि चौकशी. बाकी सगळं तोंडी चाललं. त्यात प्रत शेठना म्हणजे त्यांना न विचारता वरच्या दारात गेल्यासारखं.

म्हणून आधी चालत जायचं. पाइपचा तुकडा हातात घेऊन. 'आप्पा, इथे भिंत पातळ येतेय, डाय (साचा) बिघडला असेल की कंपाउंड (कच्च्या मालाचं मिश्रण)?' हे विचारलंत की आप्पांचा पंचवीस वर्षांचा अनुभव तुमच्या बाजूला येतो. मग त्याच दिवशी ईमेल, पहिली ओळ: 'सकाळी आप्पांशी बोलणं झालं त्याप्रमाणे.' प्रत शेठना खुशाल द्या. आता त्यात आप्पाही तुमच्यासोबत आहेत. पण लिहायचं सोडू नका. संबंध सांभाळायचे म्हणून रिजेक्शनची नोंद तोंडी ठेवणारे क्वालिटीचे लोक मी पाहिलेत. शेतकऱ्याच्या बांधावर पाइप फुटला की सगळ्यात आधी तेच एकटे पडतात. आप्पांना वाईट वाटेल की नाही यावर पाइपची जाडी ठरत नाही. एवढ्या एका बाबतीत मी तुमच्या पुण्याच्या बाजूचा आहे.

दुसरं, तुम्ही थेट कामावर येता का? इकडे 'जेवण झालं का', 'पाऊस कुठवर आला', 'केळीला काय भाव निघाला' यातून गाडी कामावर येते. दोन मिनिटं वाया जातात असं वाटतं. पण आप्पांच्या शेतातली मोटार जळालीय आणि ते शनिवारी लवकर निघणार आहेत, हे याच दोन मिनिटांत कळतं. कुठल्याही रिपोर्टात येत नाही. हिवाळ्यात शॉपच्या लोकांनी शेतात भरिताला बोलावलं तर जा. बामणोदची वांगी, कळण्याच्या पुऱ्या, आणि काट्याकुट्यांच्या आगीभोवती आप्पा जे बोलतील ते केबिनमध्ये कधी बोलणार नाहीत. तिथे मात्र रिजेक्शनचा विषय काढू नका. मी एकदा काढला होता.

आणि मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, कुणाशीही नाजूक विषय सकाळी दहाच्या आत. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तीन वाजता संतांनाही राग येतो.

शेठचं सोपं आहे. ते दहा ओळी वाचत नाहीत. अंगठा म्हणजे 'मेसेज आला', मंजुरी नव्हे. त्यांना एका अक्षरात उत्तर देता येईल असा प्रश्न पाठवा: 'बॅच अडवली आहे. अ: भंगारात, ब: दुसऱ्या दर्जाचा शिक्का मारून विकायची. अ की ब?' उत्तर आलं की त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पैशांचा विषय असेल तर मेसेज नकोच, समोर जा.

सोमवारी एवढंच करा: एका छोट्या वहीत तीन माणसांची नावं लिहा, आप्पा, भाऊ, शेठ. प्रत्येकाने महिनाभरात 'नाही' कसं म्हटलं ते जसंच्या तसं त्यांच्याच शब्दांत टिपा, आणि पुढे ते काम झालं की नाही ते. तुमच्या चाचणीपेक्षा ही वही तुम्हाला जास्त सांगेल. वही मात्र घरी ठेवा. शॉपवर सापडली तर तेही लेटरच.

आणि आप्पांचा अबोला सुटला का ते कळवा. सुटला आणि ते पुन्हा 'तू' म्हणून ओरडले, तर बरं झालं समजा. पण ते 'तुम्ही म्हणता तर तसं करू, मॅडम' म्हणाले, तर त्या दिवशी ईमेल लिहू नका. दोन कटिंग चहा घ्या आणि त्यांच्या मशीनपाशी जा.